कड्यावरचे आकडे : स्टीलच्या स्पोर्ट्स क्रोनोग्राफविषयी प्रस्तावना

स्टीलच्या स्पोर्ट्स क्रोनोग्राफची, म्हणजे किती वेळ लागला हे मोजणाऱ्या मनगटी घड्याळाची, काच ज्या कड्यात बसलेली असते, त्या कड्यावर आकडे कोरलेले असतात. बारापासून काट्याच्या दिशेनं निघालं की ते उतरत जातात: 400, 300, 200, 120, 90, 80 आणि परत बाराशी येताना 60. लाखो रुपये मोजून हे घड्याळ घेणाऱ्या पुष्कळांनी हे आकडे एकदाही वापरलेले नसतात. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला ते पहिल्याच दिवशी वापरता येतील. रुळांच्या कडेला विजेच्या तारा धरून उभे असलेले खांब आठवा. त्यांच्यावर चर्चगेटपासूनचा किलोमीटर आणि त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो. किलोमीटरचा आकडा बदलला की घड्याळाचं वरचं बटण दाबायचं, पुढच्या किलोमीटरला तो बदलला की पुन्हा दाबायचं. मधला लांब काटा 45 सेकंदांवर थांबला असेल, तर त्याच्या टोकासमोर कड्यावर 80 लिहिलेलं दिसेल. गाडी ताशी 80 किलोमीटरनं धावत होती. 3600 ला सेकंदांनी भागायचं गणित घड्याळ करणाऱ्यानं आपल्यासाठी आधीच करून, धातूत कोरून ठेवलं आहे. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये खाडी लागते, बराच वेळ स्टेशन येत नाही, त्या टप्प्यात ही मोजणी सगळ्यांत नीट जमते. गाडीचा वेग एकसारखा असला पाहिजे, एवढीच अट.

या घड्याळाच्या अंगावरची जवळजवळ प्रत्येक रेघ कशाच्या ना कशाच्या मोजणीसाठी आलेली आहे आणि ती मोजणी समजल्याशिवाय त्याचं रूप कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. हे पुस्तक त्या मतावर उभं आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्टीलच्या क्रोनोग्राफबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात लिलावाच्या किमती आणि दुकानातल्या प्रतीक्षायाद्या यांनीच बहुतेक जागा व्यापली. किमतींचा विषय मी टाळलेला नाही, कारण तोही या घड्याळाच्या चरित्राचा भाग आहे. पण किंमत शेवटी आली. आधी आली शर्यत.

1816 मध्ये लुई मोइने यानं खगोल निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग दाखवणारं यंत्र बनवलं. पण मोजणीचं यंत्र लोकांसमोर आलं ते 1821 मध्ये, पॅरिसमधल्या घोड्यांच्या शर्यतीत. निकोला रियुसेकच्या त्या यंत्रात फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. घोडा रेषा ओलांडतो, ठिपका पडतो, दुसरा ओलांडतो, दुसरा ठिपका. मोजणी कागदावर राहावी तशी तबकडीवर उरायची आणि पुढच्या शर्यतीआधी ती पुसावी लागायची. या पुसण्याच्या अडचणीवर 1844 मध्ये अडॉल्फ निकोल यानं जो तोडगा काढला, तो मला साऱ्या घड्याळशास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो. काट्याच्या आसावर पत्त्यातल्या बदामासारखा आकार असलेला एक छोटा तुकडा बसवायचा. बटण दाबलं की एक हातोडी येऊन त्या बदामाच्या कडेवर आदळते. बदाम कोणत्याही स्थितीत असो, कडेवरून घसरत तो एकाच जागी येऊन स्थिरावतो आणि त्याच्याबरोबर काटाही शून्यावर येतो. काटा 10 सेकंदांवर असेल तर मागे, 50 वर असेल तर पुढे, म्हणजे जवळच्या वाटेनं. आजही, कोट्यवधींच्या घड्याळातसुद्धा, काटा शून्यावर येतो तो याच बदामामुळे.

हे मोजणीचं यंत्र मनगटावर आल्यावर प्रश्न बटणांचा होता. सुरुवातीला चावीतच एक बटण असायचं: दाबा, सुरू, दाबा, बंद, दाबा, शून्य. मध्येच थांबवून तिथूनच पुढे मोजायची सोय नव्हती. ब्राइटलिंगनं 1915 मध्ये बटण चावीपासून वेगळं केलं आणि 1934 मध्ये दुसरं बटण आणलं. वरचं बटण सुरू-बंद करतं, खालचं शून्यावर आणतं. या दुसऱ्या बटणाचं मोल मराठी माणसाला समजावून सांगायला कबड्डीचं मैदान पुरेसं आहे. 20 मिनिटांचा डाव, मध्ये टाइम-आउट, कुणाला दुखापत, पंचांची चर्चा. घड्याळ थांबलं पाहिजे आणि शिट्टी वाजली की थांबलं होतं तिथून चाललं पाहिजे. एकाच बटणाच्या घड्याळानं ते जमत नाही. दोन बटणांच्या क्रोनोग्राफची ती ओळखीची आकृती, चावीच्या वर एक आणि खाली एक, शोभेसाठी कुणी काढलेली नाही.

आतल्या यंत्राबद्दल पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. घड्याळाचं मूळ यंत्र सतत चालू असतं. बटण दाबल्यावर एक दातेरी चाक सरकून त्या चालत्या यंत्राला भिडतं आणि मधला काटा निघतो. कुणी कधी भिडायचं, कुणी कधी सुटायचं, हे ठरवायला उत्तम यंत्रांत एक छोटं चाक असतं, वर उभे खांब असलेलं: कॉलम व्हील. एक तरफ खांबावर चढली की एक क्रिया, दोन खांबांमधल्या खळगीत उतरली की दुसरी. हे चाक बनवायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून स्वस्त यंत्रांत त्याऐवजी पत्र्यातून कापलेला कॅम वापरतात. बोटाला फरक कळतो: कॉलम व्हीलचं बटण एकदम, स्वच्छ उतरतं. 1938 चं व्हालझू 72 हे यंत्र अशाच घडणीचं होतं. रोलेक्सच्या चावीच्या क्रोनोग्राफमध्ये ते, पुढे थोडे बदल होत होत, 1988 पर्यंत चाललं.

आता ज्या सहा वर्षांबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, त्यांच्याकडे येतो: 1957 ते 1963. त्याआधी वेगमापनाचे आकडे डायलवरच छापायचे. मिनिटांच्या रेघा, तीन छोट्या तबकड्या, कंपनीचं नाव आणि वर हे आकडे. मोटार चालवणाऱ्याला एका नजरेत काही दिसेना. आकडे ठेवायचे कुठे, या एका प्रश्नाला तीन कंपन्यांनी उत्तरं दिली. 1957 च्या ओमेगा स्पीडमास्टरनं वेगाची मोजपट्टी डायलवरून उचलून काचेबाहेरच्या कड्यावर नेली. डायल मोकळी, काळी, तिच्यावर रुंद बाणासारखे काटे. 1963 मध्ये रोलेक्सनं कॉस्मोग्राफ आणलं, त्याचा क्रमांक 6239. पुढे डेटोना म्हणतात ते हेच. त्याच कंपनीच्या आधीच्या घड्याळात मोजपट्टी डायलवर होती, इथे ती स्टीलच्या कड्यावर कोरली गेली. शिवाय छोट्या तबकड्या डायलच्या उलट रंगाच्या झाल्या: पांढऱ्यावर काळ्या, काळ्यावर पांढऱ्या. त्याच वर्षीच्या हॉयर कॅरेरानं वेगळी वाट धरली. जॅक हॉयरनं काचेखालच्या तिरक्या रिंगवर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या रेघा छापल्या. त्यामुळे डायलवर श्वास घ्यायला जागा झाली. तिन्ही घड्याळं एका टेबलावर ठेवून पाहावीत. कॅरेरा मला सर्वांत शांत वाटतं, स्पीडमास्टर सर्वांत वाचनीय. डेटोनाचं कडं वाढलं तशी त्याची छाती रुंद दिसू लागली आणि पुढच्या साऱ्या स्पोर्ट्स घड्याळांनी ती छाती उचलली. 1965 च्या मॉडेलात रोलेक्सनं पाणी आत जाऊ नये म्हणून बटणं पेचानं घट्ट बसणारी केली आणि कड्यावर काळी पट्टी बसवून आकडे पांढरे केले. आज त्या बटणांभोवतीच्या कंगोऱ्यांना लोक या घड्याळाची शान समजतात. मुळात ते पाण्याला अडवायला बटण बोटांनी घट्ट पिळता यावं म्हणून होते.

लहान रेघांनाही कारण असतं. जुन्या क्रोनोग्राफच्या 30 मिनिटांच्या छोट्या तबकडीवर 3, 6 आणि 9 मिनिटांच्या रेघा बाकीच्यांपेक्षा लांब असतात. टेलिफोनचे पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं लागत, त्यासाठी त्या. ज्यांनी ट्रंक कॉल लावून तिसरं मिनिट संपायच्या आत घरचं सगळं सांगून टाकलेलं आहे, त्या वाचकांना या रेघेचं महत्त्व माझ्याहून जास्त कळेल.

स्पीडमास्टर मोटारीच्या शर्यतीसाठी जन्मलं आणि चंद्रावर गेलं. नासानं काही घड्याळांना उष्णता, थंडी, धक्के, निर्वात अशा चाचण्यांतून काढलं आणि मार्च 1965 मध्ये त्याची निवड केली. माझ्या लेखी चंद्रापेक्षाही मोठी गोष्ट एप्रिल 1970 ची आहे. अपोलो 13 मध्ये स्फोट झाल्यावर वीज वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रणा बंद होत्या. परतीचा मार्ग सुधारायला इंजिन 14 सेकंद चालवायचं होतं आणि ते सेकंद मनगटावरच्या चावीच्या घड्याळानं मोजले गेले. क्रोनोग्राफ कशासाठी असतो, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

मग 1969. चावी न देता, हाताच्या हालचालीनं चालणारा क्रोनोग्राफ बनवण्याची चढाओढ होती आणि एकाच वर्षात तीन ठिकाणी ते जमलं: जपानमध्ये सिको, हॉयर-ब्राइटलिंग आणि त्यांचे भागीदार, आणि ल लॉक्ल गावातली झेनिथ. झेनिथच्या यंत्राचं नाव एल प्रिमेरो, बॅलन्सची ताशी 36,000 स्पंदनं, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजता येईल अशी गती. पण पाठोपाठ बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं. 1975 मध्ये झेनिथच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळांचं उत्पादन थांबवायचा आणि हत्यारं मोडीत काढायचा आदेश दिला. शार्ल व्हेर्मो नावाच्या कारागिरानं तो मानला नाही. दीडशेच्या आसपास प्रेस, त्यांच्याबरोबर कॅम आणि कापायची हत्यारं त्यानं एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेली, सगळ्याची नोंद ठेवली आणि जागा बंद केली. 1984 मध्ये एल प्रिमेरो पुन्हा बनू लागलं ते त्या माळ्यावरून खाली आलेल्या सामानामुळे. 1988 मध्ये रोलेक्सनं आपलं पहिलं स्वयंचलित डेटोना काढलं, तेव्हा आत हेच यंत्र होतं, गती 28,800 वर आणून, बरेच भाग बदलून. कंपनीनं स्वतःचं यंत्र 2000 मध्ये आणलं. म्हणजे ज्या घड्याळासाठी जगभर रांगा लागल्या, त्याची बारा वर्षं एका कामगाराच्या हुकूम मोडण्यावर उभी आहेत. घड्याळांच्या पुस्तकांत राजे, खेळाडू आणि नट यांना पानंच्या पानं मिळतात. या पुस्तकात व्हेर्मोला पूर्ण प्रकरण दिलं आहे.

स्टीलबद्दल. वसईच्या लोकांना खारी हवा काय करते हे सांगायला नको. खिडकीचे गज, सायकलची चेन, गॅलरीतली कडी, काहीच सुटत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं 1913 मध्ये क्रोमियम घातलेलं न गंजणारं स्टील बनवलं आणि 1930 च्या दशकात ते घड्याळांत रुळलं. आज बहुतेक चांगल्या घड्याळांचं स्टील 316 एल या प्रकारचं असतं. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे मिठाचा मारा ते अधिक सोसतं. रोलेक्स 904 एल वापरतं, ते त्याहून चिवट आणि कापायला अवघड. धक्क्यांना सोनं मऊ पडतं, म्हणून खेळाचं घड्याळ स्टीलचं झालं. ते स्वस्त होतं हेही खरं. 1972 मध्ये जेराल्ड जेंतानं ओदेमार पिगेसाठी रॉयल ओक आखलं, अष्टकोनी कडं, त्यावर उघडे आठ स्क्रू, आणि स्टीलच्या त्या घड्याळाची किंमत कित्येक सोन्याच्या घड्याळांहून जास्त ठेवली गेली. तेव्हापासून स्टील हा नाइलाज राहिला नाही. लग्नात सोन्याशिवाय पान न हलणाऱ्या आपल्या समाजाला हे पटायला वेळ लागतो. पण जिनं घडण केली त्या मेहनतीला किंमत असते, फक्त धातूला नाही, हे आपल्याकडचे सोनार पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत.

किमतीचं टोक 26 ऑक्टोबर 2017 ला गाठलं गेलं. नट आणि मोटार शर्यतपटू पॉल न्यूमन याचं स्वतःचं डेटोना न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरच्या पुढे गेलं, तेव्हाच्या भावानं सुमारे 115 कोटी रुपये. पत्नी जोआन वुडवर्डनं ते त्याला दिलं होतं आणि मागे, गाडी जपून चालव अशा अर्थाची ओळ कोरून घेतली होती. त्या प्रकारची डायल, छोट्या तबकड्यांतल्या रेघांच्या टोकाला चौकोनी ठिपके असलेली, नवी असताना दुकानांत पडून राहायची. लोकांना ती नको होती. या गोष्टीत बाजाराच्या लहरीपेक्षा मला दुसरं काही महत्त्वाचं दिसतं: ज्या माणसानं ते घड्याळ खरोखर शर्यतीच्या जगात घालून वापरलं, त्याच्यामुळे ती डायल पुन्हा पाहिली गेली.

या सगळ्यात आपण कुठे आहोत? वाटतं त्यापेक्षा जवळ. 1865 मध्ये फ्रिट्झ फाव्र मुंबईला आला आणि फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्याचा इथला व्यापार सुरू झाला. आपल्या लोकांच्या तोंडी ती फेवर ल्युबा झाली. दोन वर्षांनी, 12 एप्रिल 1867 ला, विरारहून मुंबईच्या बॅकबेला जाणारी पहिली लोकल सुटली. रेल्वेचं वेळापत्रक आणि स्विस घड्याळ आपल्या किनाऱ्यावर असे जोडीनं आले. 1886 मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईत आली. फेवर ल्युबानं 1962 मध्ये बिव्हुआक काढलं, त्यात हवेचा दाब आणि उंची मोजता यायची. 1968 च्या बाथीवर बुडी मारणाऱ्याला खोली वाचता यायची. या कंपनीची मुंबईत खपलेली साधी घड्याळं घरोघरी होती, मोजणीची फारशी कुणाकडे नव्हती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. 1961 पासून बंगळूरला सिटिझनच्या साहाय्यानं एचएमटीची घड्याळं बनू लागली आणि दोन पिढ्यांचं मनगट तीन काट्यांच्या चावीच्या एचएमटीनं व्यापलं. ती घड्याळं उत्तम होती. पण किती वाजले एवढंच ती सांगत. किती वेळ लागला हे मोजणारं घड्याळ इथल्या घरांत शिरलं ते बहुधा गल्फला किंवा जहाजावर गेलेल्या माणसाच्या हातावर. वसईत अशी माणसं पुष्कळ, आणि जपानी क्रोनोग्राफ त्यांना परवडणारा होता. स्विस नावांपुढे सिकोच्या 6139 ला दुय्यम मानणं मला मंजूर नाही. 1969 च्या त्या तीन यंत्रांपैकी ते एक आहे आणि कॉलम व्हीलचं आहे. फेवर ल्युबाचं पुढे काय झालं, हेही सांगतो: 2011 मध्ये ती टायटननं घेतली आणि 2023 मध्ये ती इथॉस या भारतीय कंपनीकडे गेली.

ज्यांच्याकडे क्रोनोग्राफ आहे त्यांनी तो चालवावा, असा माझा आग्रह आहे. वसई-विरार महानगरपालिकेची मॅरेथॉन 2011 मध्ये सुरू झाली. तिथे धावपटूंची अधिकृत वेळ चिपवर नोंदली जाते. पण रस्त्याच्या कडेला उभं राहून तुम्ही पुढच्या फळीतल्या धावपटूचा वेग मोजू शकता. कड्यावरचे आकडे 60 च्या खाली जात नाहीत, म्हणून किलोमीटरऐवजी 100 मीटर धरायचे आणि आलेल्या आकड्याला दहानं भागायचं. 100 मीटरला 20 सेकंद लागले तर काटा 180 दाखवतो, वेग ताशी 18 किलोमीटर. त्या चालीनं पूर्ण मॅरेथॉन 2 तास 21 मिनिटांच्या आत होते. काही जुन्या क्रोनोग्राफवर आवाजाच्या वेगावर आधारलेली दुसरी मोजपट्टी असते, तोफा किती दूर आहेत हे कळायला सैनिक ती वापरत. आपल्याला ती जूनमध्ये उपयोगी आहे. तुंगारेश्वराच्या डोंगरावर वीज दिसली की बटण दाबायचं, गडगडाट ऐकू आला की थांबवायचं. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. नऊ सेकंद झाले तर वीज तीन किलोमीटरांवर होती. डॉक्टरांसाठी नाडीची मोजपट्टी असलेली घड्याळंही आहेत, त्यांचा विचार शेवटून दुसऱ्या प्रकरणात.

शेवटी एक विनंती, आणि ती अगदी व्यवहारातली आहे. मुंबईच्या बाजारात जुन्या घड्याळांच्या डायल रंगवून चकाचक करण्याचा मोठा धंदा आहे. रंगवणारे हात कुशल असतात, पोटासाठी राबतात. पण रंगवलेल्या डायलवर तीन मिनिटांची लांब रेघ हरवते, मोजपट्टीचे आकडे सरकतात, अक्षरांचं वळण बदलतं, आणि मी वर सांगितलेल्या इतिहासातलं काहीच त्या घड्याळावर वाचता येत नाही. उन्हानं आणि दमट हवेनं तपकिरी पडलेली काळी डायल संग्राहकांना नव्याहून प्रिय असते, हेही लक्षात ठेवा. तुमच्या घरातल्या कपाटात वडिलांचा, काकांचा जुना क्रोनोग्राफ पडून असेल तर आधी बटणं दाबून पाहू नका. वाळलेल्या तेलावर यंत्र फिरलं की दाते झिजतात. क्रोनोग्राफ उघडलेला आहे असा घड्याळजी शोधा, साधं घड्याळ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला तो जमतोच असं नाही. देण्याआधी डायलचे, मागच्या झाकणाचे आणि उघडल्यावर आतल्या यंत्राचे फोटो काढून ठेवा. केस पॉलिश करू नका, कडांची धार एकदा गेली की परत येत नाही. डायल रंगवू नका, काटे बदलू नका. आणि जो भाग बदलावाच लागेल तो जुना भाग घड्याळजीकडून मागून घ्या, छोट्या पाकिटात घालून घड्याळाबरोबरच ठेवा.